‘स्वतंत्र’ संघाचा एक हंगाम : कार्लाइल, १९१२

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलच्या जुन्या नोंदींमध्ये प्रत्येक संघाच्या नावापुढे त्याची परिषद, म्हणजे ‘कॉन्फरन्स’, लिहिलेली असते. ज्या संघाला अशी परिषद नाही त्याच्यापुढे एकच शब्द येतो : ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र. १९१२ च्या हंगामासाठी पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल या शाळेच्या संघापुढेही हाच शब्द आहे. पुढे आकडे : सामने १४, विजय १२, पराभव १, बरोबरी १, केलेले गुण ५०४, दिलेले ११४. नोंद इथे संपते. आम्हाला लिहायचे आहे ते त्या एका विशेषणाविषयी. साहित्याच्या अभ्यासकाला विशेषणाची सवय असते. ते कुणी लावले आणि ज्याला लावले त्याला त्याचा काय अर्थ कळत होता, हे विचारल्याशिवाय त्याला पुढे जाववत नाही.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याला ही व्यवस्था प्रथमदर्शनी अपरिचित वाटेल. नांदेडच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातील संघ कबड्डीचा असो, खो-खोचा असो की फुटबॉलचा, त्याच्या खेळाचा मार्ग आखलेला असतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तेथून निवड होऊन विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग, ‘अश्वमेध’, आंतरविद्यापीठ. महाविद्यालय कुणाशी खेळणार हे महाविद्यालय ठरवीत नाही, विद्यापीठाचा क्रीडा विभाग ठरवतो. (१९९४ पूर्वी हेच औरंगाबादहून ठरत असे, अंतर बदलले, पद्धत नाही.) संलग्नतेवाचून संघ ही कल्पनाच आपल्याकडे संभवत नाही. अमेरिकेत मात्र महाविद्यालये आपसांत पत्रव्यवहार करून सामने ठरवीत, प्रवेशशुल्काच्या उत्पन्नाची वाटणी ठरवीत, आणि वर कुणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मध्यपश्चिमेतील विद्यापीठांनी परिषद स्थापून या व्यवहाराला शिस्त लावायला आरंभ केला. पूर्वेकडची मोठी महाविद्यालये त्यापासून दूर राहिली.

आणखी एक खुलासा. येथे फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा चेंडू नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचे, समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचे, असा हा रग्बीतून निघालेला खेळ. १९०५ च्या सुमारास त्यात इतके मृत्यू होत होते की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लक्ष घालावे लागले. त्यानंतर १९०६ साली चेंडू पुढे फेकून देण्यास, ‘फॉरवर्ड पास’ला, मान्यता मिळाली. ही तारीख आपल्या कथेत महत्त्वाची आहे.

तर स्वतंत्र संघ. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन हेही १९१२ साली नोंदीप्रमाणे स्वतंत्रच होते. हार्वर्डजवळ १९०३ साली बांधलेले काँक्रीटचे प्रचंड क्रीडागार होते, श्रीमंत माजी विद्यार्थी होते, आणि त्या वर्षीचे बहुतेक सामने ते स्वतःच्या अंगणातच खेळले. कार्लाइलचे पहिले काही लहान सामने सोडले तर उरलेला सगळा हंगाम आगगाडीत गेला. मोठ्या शहरांत, मोठ्या मैदानांवर, जेथे तिकिटे खपतील तेथे त्यांनी जायचे, आणि उत्पन्नातला वाटा घेऊन परतायचे. एकाच विशेषणाखाली घरमालक आणि फिरस्ता दोघेही बसवले गेले आहेत.

कार्लाइल ही मुळात महाविद्यालय नव्हतीच. १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने घोडदळाच्या रिकाम्या बराकींत ही शाळा उघडली. त्याआधी फ्लोरिडातील एका किल्ल्यात त्याच्या ताब्यात मैदानी प्रदेशातले आदिवासी युद्धकैदी होते. त्यांच्यावर केलेला ‘सुधारणेचा’ प्रयोग मुलांवर करायचा, ही शाळेची मूळ कल्पना. आपल्या जुन्या पुस्तकांतून ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हटले जाई त्या अनेक जमातींची मुले शेकडो कोस दूर, आईबापांपासून तोडून येथे आणली जात. आल्याबरोबर केस कापायचे, गणवेश चढवायचा, मातृभाषा बंद, नाव नवे. उद्देश प्रॅटने उघड सांगितला होता : माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे. शाळा चालू होती त्या ३९ वर्षांत सुमारे दहा हजार मुले येथे आली. अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेली त्यांतली फारच थोडी. दीडशेहून अधिक मुले तेथेच मरण पावली आणि शाळेच्या दफनभूमीत पुरली गेली.

पहिल्याच तुकडीत आलेला लूथर स्टँडिंग बेअर याने १९२८ साली आत्मचरित्र लिहिले. त्यात नाव मिळण्याचा प्रसंग आहे. फळ्यावर न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या रांगा, हातात दिलेली काठी, आणि त्यातल्या एका रांगेवर टेकवताच ते आपले नाव झाले. आमच्या वर्गात हा प्रसंग सांगितला की विद्यार्थी फारसे चकित होत नाहीत. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ त्यांनी वाचलेले असते. जन्मण्याआधीच सरकारी दप्तराने ठेवलेले नाव अंगावर वागवणे म्हणजे काय, हे येथील वाचकाला परदेशी उदाहरणावरून शिकावे लागत नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती; ‘सुधारणा’ हा शब्द तेथेही होता. दोन्हींची तंतोतंत बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. कार्लाइलमध्ये भूमी हिरावलेल्या राष्ट्रांची मुले होती, सोलापुरात जातिव्यवस्थेने बाहेर ठेवलेली माणसे. पण कुंपणाच्या आतून लिहिलेले गद्य एकमेकांना ओळखते.

झिट्काला-शा या यांक्टन जमातीच्या लेखिकेने काही काळ कार्लाइलमध्ये अध्यापन केले होते. १९०० साली ‘अटलांटिक मंथली’त तिचे शालेय जीवनावरील आत्मपर लेख आले आणि शाळेचे चालक संतापले. या शाळेने विद्यार्थ्यांच्या हातून वृत्तपत्र छापवून घेतले, पण शाळेविषयी खरे लिहिले गेले ते शाळा सोडून गेल्यावर. फुटबॉलविषयीही थोडेफार तसेच झाले.

खेळ सुरू झाला तो विद्यार्थ्यांच्या आग्रहाने. एका मुलाचा पाय मोडल्यावर प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळण्यास मनाई केली होती. विद्यार्थ्यांचे शिष्टमंडळ त्याच्याकडे गेले. त्याने परवानगी दिली ती दोन अटींवर : समोरच्याने ठोसा मारला तरी उलटून मारायचे नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवायचे. पहिली अट नीट वाचावी. गोऱ्या मुलाने मारामारी केली तर ती खिलाडूपणातली चूक. यांच्यापैकी कुणी केली तर ते ‘रानटी’ असल्याचा पुरावा. नियमपुस्तकात नसलेला हा नियम कार्लाइलचा प्रत्येक खेळाडू डोक्यात घेऊन खेळत होता.

१८९६ साली न्यूयॉर्कमध्ये येलविरुद्ध कार्लाइलच्या जेमिसनने अडवणाऱ्यांतून सुटून चेंडू अंतिम रेषेपार नेला. शिट्टी आधीच वाजली होती असे सांगून पंचाने गुण नाकारले. पंच येलचा माजी विद्यार्थी होता. त्याहून विचित्र असे की तोच त्या वर्षी कार्लाइलचा प्रशिक्षकही होता. येलने सामना १२–६ असा जिंकला. त्या काळी पंच कुठून आणायचे हेही दोन्ही संघ ठरवीत. स्वातंत्र्याची ही एक बाजू.

ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर हा प्रशिक्षक १८९९ साली आला, मध्ये तीन वर्षे बाहेर जाऊन १९०७ साली परतला. त्याची बुद्धी वादातीत होती. कार्लाइलची मुले प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वजनाने हलकी. समोरून ढकलाढकलीच्या खेळात ती चिरडली जाणार. म्हणून वेग, हुलकावण्या, आणि १९०६ नंतर पुढे फेकलेला चेंडू. इतर महाविद्यालये हा नवा प्रकार बायकी समजून टाळत असताना कार्लाइलने १९०७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला २६–६ असे हरवले ते लांब पल्ल्याच्या फेकीच्या बळावर. त्याच वर्षी हार्वर्डही २३–१५ असे पडले. आजचा अमेरिकी फुटबॉल ज्या लांब फेकींवर जगतो त्या पद्धतशीरपणे प्रथम खेळणाऱ्यांत ज्यांना नागरिकत्व पुरते मिळालेले नव्हते अशी ही मुले होती. सर्व आदिवासींना अमेरिकेचे नागरिकत्व कायद्याने मिळाले ते १९२४ साली. म्हणजे १९१२ मध्ये यांतले कितीतरी खेळाडू कायद्याच्या भाषेत सरकारचे पाल्य होते. आणि संघ मात्र ‘स्वतंत्र’.

या वर्षांत आपल्याकडे काय चालले होते तेही समोर ठेवावे. १९११ च्या जुलैत मोहन बागानच्या बहुतांश अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकले. त्याच उन्हाळ्यात पळवणकर बाळू इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ बळी घेत होते. चर्मकार समाजात जन्मलेल्या या गोलंदाजाने पुण्यात जिमखान्याची खेळपट्टी राखण्यापासून सुरुवात केली होती, आणि हिंदूंच्या संघात आल्यावरही चहा त्यांना वेगळ्या भांड्यातून, मंडपाबाहेर मिळे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कार्लाइलने हार्वर्डला १८–१५ असे पुन्हा हरवले. आणि १९१२ हे मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचे पहिले वर्ष : युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. तेथे कुणीच स्वतंत्र नव्हते. प्रत्येक खेळाडूला आधी धर्म लागे, मग संघ. या चारांत न बसणाऱ्यांसाठी ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उर्वरित’, नावाचा पाचवा संघ १९३७ साली निघाला. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती म्हणून त्या संघात खेळले आणि १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांनी एकट्याने केल्या. अमेरिकी नोंदीतला ‘स्वतंत्र’ आणि मुंबईचा ‘उर्वरित’ हे दोन शब्द आम्हाला शेजारी ठेवावेसे वाटतात. जो कुठल्याच खान्यात बसत नाही त्याला एकाने उंच नाव दिले, दुसऱ्याने खरे.

आता तो हंगाम. २१ सप्टेंबरपासून २८ नोव्हेंबरपर्यंत दहा आठवड्यांत १४ सामने. नियम नुकतेच पुन्हा बदलले होते : चेंडू पुढे नेण्याच्या तीनऐवजी चार संधी, अंतिम रेषा ओलांडण्याचे पाचऐवजी सहा गुण. वेगाने खेळणाऱ्यांना हे अनुकूल होते. संघात सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प होता. त्या जुलैत स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकून परतलेला. खेळ चालवणारा, ज्याला ‘क्वार्टरबॅक’ म्हणतात तो, ओजिब्वे जमातीचा गस वेल्च. त्याच जमातीचा जो गायन. कोलव्हिलचा अ‍ॅलेक्स आर्कासा. जमाती वेगळ्या, भाषा वेगळ्या. ‘इंडियन’ ही एकच ओळख त्यांना शाळेने आणि वृत्तपत्रांनी दिली होती, आणि मैदानावर ती त्यांनी आपल्या कामाला लावली असेही म्हणता येईल.

लहान संघ सहज उडाले : व्हिलानोव्हा ६५–०. मग वॉशिंग्टन अँड जेफरसन या फारशा न गाजलेल्या महाविद्यालयाशी ०–० बरोबरी. सबंध हंगामात ५०४ गुण करणाऱ्या संघाला एका दिवशी एकही गुण मिळू नये ही गोष्ट आम्हाला विजयांइतकीच बोलकी वाटते. थकव्याचा हिशेब नोंदीत कुठे येत नाही. आदल्या वर्षी एका गुणाने हरवणाऱ्या सिरॅक्यूजला ३३–० अशी परतफेड झाली, पिट्सबर्गला ४५–८. ऑक्टोबरच्या अखेरीस वॉशिंग्टनला जॉर्जटाऊनशी सामना झाला, आणि दोनच दिवसांनी हा संघ सरहद्दीपलीकडे टोरंटोत अर्धे रग्बीचे नियम पाळून खेळत होता. खेळाडूंच्या शरीराच्या काळजीने आखलेले वेळापत्रक असे नसते.

९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी. याच सामन्याभोवती सर्वांत जास्त आख्यायिका आहेत, आणि त्याला कारण आहे. एका बाजूला ज्यांच्या वाडवडिलांशी अमेरिकी सैन्याने युद्धे केली अशी मुले, दुसऱ्या बाजूला त्याच सैन्याचे भावी अधिकारी. वूंडेड नीच्या हत्याकांडाला २२ वर्षेच झालेली. विरुद्ध संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता, पुढे जो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. वॉर्नरने येथे आपल्या धावपटूंची एक नवी मांडणी आणली, दोन्ही कडांना पंख फुटल्यासारखी. आर्मीने प्रथम आघाडी घेतली आणि नंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. आर्मीच्या कर्णधाराला गायनवर धसमुसळेपणा केल्याबद्दल पंचांनी बाहेर काढले. प्रॅटची जुनी अट आठवते. अंगावर हात टाकून बाहेर गेला तो लष्कराचा कर्णधार, आणि कार्लाइलने २७–६ असा सामना जिंकला. लोकांच्या स्मरणात हा थॉर्पचा सामना आहे. तो अप्रतिम खेळला यात शंका नाही, पण चारपैकी तीन वेळा चेंडू रेषेपार नेला तो आर्कासाने. आख्यायिकेला एकच नायक परवडतो.

सामन्यापूर्वी वॉर्नरने खेळाडूंना त्यांच्या पूर्वजांच्या हत्येची आठवण करून देऊन चेतवले, अशी कथा पुष्कळ पुस्तकांत येते. खरी असेल. मात्र आम्हाला त्या कथेची रचना पाहावीशी वाटते. बोलतो तो गोरा प्रशिक्षक. ज्यांच्या घरातली ती आठवण ते ऐकतात. आपल्याच दुःखाची माहिती त्यांना त्याच्याकडून मिळते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतही असे प्रसंग मोजता येणार नाहीत इतके आहेत, आणि वाचताना तेथे आपले रक्त सळसळते म्हणूनच ते तपासावे लागतात.

आठवड्याने पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४–२६ असे हरवले. हंगामातला हा एकमेव पराभव. पुढे स्प्रिंगफील्डशी कसाबसा ३०–२४ आणि शेवटी ब्राऊनवर ३२–० असा विजय. राष्ट्रीय विजेतेपदाचा मान अपराजित हार्वर्डकडे गेला. टीकाकारांचे आणखी एक म्हणणे होते, आणि ते पूर्णतः निराधार नव्हते : कार्लाइलचे खेळाडू महाविद्यालयीन विद्यार्थीच नव्हते, कोणी पंचविशीतले, तर कोणी वर्षानुवर्षे केवळ खेळासाठी ठेवलेले. १९०७ सालीच यावापाय जमातीतून आलेले डॉक्टर कार्लोस मॉन्टेझुमा यांनी या शाळेवर व्यावसायिकतेचा आरोप केला होता. म्हणजे टीका केवळ गोऱ्या मत्सरातून येत नव्हती. शिक्षण कुठे आहे, हा प्रश्न आतूनही विचारला जात होता.

त्या वर्षांत मेरिॲन मूर ही पुढे फार मोठी झालेली कवयित्री कार्लाइलमध्ये शिक्षिका होती. ती शिकवीत असे ते जमाखर्च, लघुलेखन, व्यापारी पत्रव्यवहार. थॉर्प तिच्या वर्गात होता आणि त्याच्या सौजन्याविषयी ती पुढे आदराने बोलली. वाङ्मयाच्या इतिहासात एरवी तळटीप म्हणून येणारी ही गोष्ट आम्ही मजकुरात घेतो, कारण जमाखर्च हाच पुढच्या प्रकरणाचा विषय आहे.

फुटबॉलचे उत्पन्न सरकारी हिशेबात येत नव्हते. त्यासाठी शाळेत स्वतंत्र क्रीडा संघटना होती आणि तिच्या खात्यावर व्यवहारात वॉर्नरचा हात होता. या पैशातून इमारती उभ्या राहिल्या, वॉर्नरचे घर बांधले गेले, खेळाडूंना अधूनमधून कपडे आणि उसनवारी मिळाली. हंगामाचे खरोखर स्वतंत्र असे काही असेल तर ते हे खाते. पैसा मिळवणाऱ्यांना त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार नव्हता.

जानेवारी १९१३ मध्ये थॉर्पवर आघात झाला. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत उत्तर कॅरोलिनात तो किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता, हे वृत्तपत्रात आले. अनेक महाविद्यालयीन खेळाडू खोट्या नावांनी हेच करीत; थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला. वॉर्नरने आपल्याला काही ठाऊक नव्हते असे सांगितले. हौशी खेळाडूंच्या संघटनेला थॉर्पच्या सहीने एक पत्र गेले. त्यात आपण एक अडाणी इंडियन विद्यार्थी होतो, जगाची रीत कळत नव्हती, अशा अर्थाची क्षमायाचना आहे. हे पत्र वॉर्नरनेच रचले असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पदके गेली. हरकत घेण्याची तीस दिवसांची मुदत केव्हाच उलटली होती, पण तो मुद्दा मान्य व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. आणि थॉर्प १९१२ चा एकमेव विजेता असल्याचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने म्हटले ते २०२२ साली. तो स्वतः १९५३ मध्ये वारला होता.

१९५१ साली हॉलिवूडने थॉर्पवर चित्रपट काढला. बर्ट लँकेस्टर नायक. चित्रपटाचा निवेदक मात्र वॉर्नर आहे : समंजस, वत्सल, शिष्याच्या दैवाने हळहळणारा. निवेदक कोण हा प्रश्न आपण कथनमीमांसेच्या तासाला पहिल्यांदा विचारतो. तो येथे विचारला की कथेचा अर्धा भाग उलगडतो, कारण वॉर्नरविषयीचे दुसरे निवेदन उपलब्ध आहे आणि ते त्याच्या खेळाडूंचे आहे.

ते निवेदन १९१४ चे आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस गस वेल्चने पुढाकार घेऊन शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी असा अर्ज तयार केला. दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यावर सह्या केल्या. अर्ज काँग्रेसपर्यंत पोचला आणि इंडियन व्यवहारांची पाहणी करणारी संयुक्त समिती साक्षी घेण्यासाठी कार्लाइलला आली. विद्यार्थ्यांनी अपुरे अन्न, मारझोड, क्रीडा खात्यातील पैशांचा वापर यांविषयी साक्ष दिली. वॉर्नर खेळाडूंना शिव्या देतो, त्यांच्याशी वाईट वागतो, त्याचे चारित्र्य आदर्श नाही, हे सांगणाऱ्यांत स्वतः वेल्च होता. वेस्ट पॉइंटला ज्याने वॉर्नरचे डावपेच चालवले तोच. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना पद सोडावे लागले. (पुढे न्यायालयाने त्यांना अपहाराच्या आरोपातून मुक्त केले.) वॉर्नर आणखी एक पडका हंगाम काढून १९१५ साली पिट्सबर्गला गेला आणि तेथे आणखी थोर झाला.

समितीपुढील या साक्षी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. प्रश्नोत्तरांच्या कोरड्या सरकारी गद्यात, कसलेही अलंकार नसलेले ते बोलणे. आमच्या मते १९१२ च्या संघाचे सर्वांत मोठे काम हे आहे, आणि ते कुठल्याही गुणफलकावर नाही. सामने जिंकताना त्यांना इतरांनी आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे आगगाडीत बसावे लागले. अर्जावर सही करण्यास कुणी सांगितले नव्हते. क्रीडा-इतिहासकार या अर्जाला ‘कार्लाइलच्या ऱ्हासाचे कारण’ म्हणून दोन ओळी देतात. ज्या शाळेत खेळाडूंच्या जोरावर इमारती उठत होत्या आणि मुलांना पोटभर जेवण नव्हते, तिच्या उत्कर्षाची व्याख्या त्यांनी आधी करायला हवी होती.

१९१८ साली शाळा बंद झाली आणि बराकी युद्धातील जखमींच्या रुग्णालयासाठी लष्कराकडे परत गेल्या. वेल्च कायद्याचा पदवीधर झाला, पुढे प्रशिक्षकही. थॉर्प १९२० साली व्यावसायिक फुटबॉलच्या नव्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. हीच संघटना आजची एनएफएल. १९२२ मध्ये ओहायोतील एका श्वान-व्यापाऱ्याने आपल्या एअरडेल जातीच्या कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी ‘ऊरांग इंडियन्स’ नावाचा व्यावसायिक संघ काढला. थॉर्प त्याचा खेळाडू-प्रशिक्षक होता, गायनसारखे जुने सोबती त्यात होते. मध्यंतरात या खेळाडूंनी पिसांची शिरोभूषणे घालून नृत्य करायचे आणि कुत्र्यांचे खेळ दाखवायचे, असा करार. कार्लाइलने जे केस कापले होते ते तिकिटाच्या पैशांसाठी पुन्हा डोक्यावर लावले गेले. दोन हंगामांत हा संघही मोडला.

कार्लाइलच्या आवारात आज लष्कराचे युद्धमहाविद्यालय आहे. २०१७ पासून तेथील दफनभूमीतून मुलांचे अवशेष उकरून त्यांच्या त्यांच्या जमातींकडे सोपवले जात आहेत. काही थडग्यांवर नाव आणि आत असलेले मूल यांचा मेळ बसला नाही, म्हणून ती पुन्हा बुजवावी लागली.